विश्लेषण : पेशी कोणते प्रथिन, कधी आणि किती बनवते? हे मोजायला शिकवणारे झाक मोनो कोण होते?

माणसाच्या डोळ्यातील पेशीत आणि यकृतातील पेशीत जनुकांचा संच जवळपास सारखाच असतो. तरीही डोळ्याची पेशी प्रकाश टिपते आणि यकृताची पेशी पित्त तयार करते. हा फरक पडतो तो कोणती पेशी कोणते प्रथिन, कधी आणि किती बनवते यामुळे. आज मूलपेशींमधील हजारो जनुकांची प्रथिननिर्मिती एकाच प्रयोगात मोजता येते. या मोजणीची वाट ज्यांनी घालून दिली, त्यांत फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे बहुतेक काम मात्र आतड्यातील एका साध्या जीवाणूवर आणि त्याच्या एका प्रथिनावर झाले. तेही महायुद्ध, भूमिगत लढा आणि राजकीय वादळांच्या काळात. मोनो यांचे आयुष्य आणि त्यांच्या कामाचे आजचे महत्त्व यांचा हा आढावा.

मोनो यांची जडणघडण कशी झाली?

झाक मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील ल्यूसियाँ हे चित्रकार. आई शार्लट या अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या. कुटुंब प्रोटेस्टंट परंपरेतील, पण घरात वाचन, संगीत आणि विज्ञान यांना मान होता. वडिलांना चार्ल्स डार्विनच्या विचारांची ओढ होती आणि ती मुलातही उतरली. १९१७ मध्ये हे कुटुंब दक्षिण फ्रान्समधील कान शहरात राहायला गेले. लहानपणी पोलिओ झाल्याने झाक यांचा एक पाय अधू झाला आणि चालण्यातील लंगडेपणा कायमचा राहिला. तरीही पुढे ते डोंगर चढत आणि शिडाची होडी चालवत.

१९२८ मध्ये ते विज्ञान शिकण्यासाठी पॅरिसला आले. वर्गातील शिकवणे त्यांना जुनाट वाटे. खरे शिक्षण त्यांना मिळाले ते ब्रिटनी किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात. तिथे भेटलेल्या ज्येष्ठांपैकी आंद्रे ल्वॉफ यांनी त्यांना सूक्ष्मजीवांकडे वळवले, बोरिस एफ्रुसी यांनी जनुकशास्त्राकडे, तर जॉर्ज तेसिए यांनी जीवशास्त्रात आकडेमोडीची सवय लावली.

हुकलेली सफर आणि संगीताचा मोह

१९३४ मध्ये मोनो ‘पूर्क्वा-पा’ या जहाजावरून ग्रीनलंडच्या शास्त्रीय मोहिमेवर गेले होते. १९३६ मध्ये पुन्हा त्याच जहाजावरून जाण्याचे घाटत होते. पण एफ्रुसी यांनी त्यांना कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत जनुकशास्त्र शिकायला येण्याचा आग्रह केला आणि मोनो अमेरिकेला गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते जहाज आइसलंडच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाले. जहाजावरील एकच जण वाचला.

कॅलटेकमध्ये टी. एच. मॉर्गन यांच्यासारख्या दिग्गजाची प्रयोगशाळा होती. मोनो यांचा बराच वेळ मात्र संगीतात गेला. ते उत्तम चेलो वाजवत आणि गायकवृंदाचे संचालनही करत. संगीत की विज्ञान, हा प्रश्न त्यांच्यापुढे काही वर्षे खरोखरच होता. अखेर ते पॅरिसला परतले आणि पीएचडीच्या कामाला लागले. १९३८ मध्ये त्यांचा विवाह ओदेत ब्रूल यांच्याशी झाला. त्या पुरातत्त्वज्ञ होत्या. पॅरिसच्या गिमे संग्रहालयात काम करणाऱ्या ओदेत यांचा हिमालयीन प्रदेशातील कलेचा खास अभ्यास होता. या दांपत्याला जुळे मुलगे झाले.

आलेखातील सपाट भागाचे कोडे काय होते?

मोनो यांच्या प्रबंधाचा विषय वरवर अगदी साधा होता. जीवाणूंना साखर दिली की ते किती वेगाने वाढतात, हे मोजायचे. एका वेळी एक साखर दिली तर वाढीचा आलेख अपेक्षेप्रमाणे वर चढे. १९४० च्या सुमारास त्यांनी दोन साखरा एकत्र देऊन पाहिल्या. काही जोड्यांमध्ये आलेख आधी वर चढला, मग काही वेळ सपाट राहिला आणि नंतर पुन्हा चढला.

जणू जीवाणूंनी एक पदार्थ संपवला, थोडे थांबले आणि मग दुसरा पदार्थ खायला घेतला. ग्लुकोज आणि दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज एकत्र दिली, तर आधी ग्लुकोज संपते आणि मधल्या खंडानंतर लॅक्टोजची पाळी येते. हा खंड का पडतो? मोनो यांनी ल्वॉफ यांना विचारले. ल्वॉफ यांनी सुचवले, की दुसरी साखर पचवण्यासाठी लागणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, जीवाणू त्या मधल्या वेळात तयार करत असावेत. विकर हे प्रथिनच असते. म्हणजे साखर समोर आल्यावर पेशी नवे प्रथिन बनवू लागते.

ही कल्पना शास्त्रात त्याआधीही होती. पण मोनो यांनी तिच्यातील मूळ प्रश्न पकडला. साखर पेशीला नवे काही शिकवते, की पेशीत आधीपासून असलेली क्षमता फक्त जागी करते? १९४१ मध्ये प्रबंध पूर्ण झाला. या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी जवळपास वीस वर्षे जावी लागली.

जिराफाच्या हाडात दडवलेले कागद

तोवर पॅरिस नाझी जर्मनीच्या ताब्यात गेले होते. मोनो यांची पत्नी ज्यू कुटुंबातील होती. पायातील दोषामुळे मोनो यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट होती, पण ते भूमिगत लढ्यात उतरले. दिवसा सॉर्बोन विद्यापीठात जीवाणू वाढवायचे आणि उरलेल्या वेळात गुप्त कामे करायची, असे त्यांचे दुहेरी आयुष्य सुरू झाले. गुप्त कागदपत्रे ते प्रयोगशाळेबाहेरच्या दालनातील जिराफाच्या सांगाड्यातील पोकळ हाडात लपवत.

सहकारी पकडले जाऊ लागले तसे सॉर्बोनमध्ये जाणे धोक्याचे झाले. ल्वॉफ यांनी त्यांना पाश्चर संस्थेत प्रयोगांसाठी जागा दिली. भूमिगत चळवळीत मालिवेर या टोपणनावाने वावरणारे मोनो पुढे फ्रेंच प्रतिकार सेनेच्या राष्ट्रीय मुख्यालयात कारवायांच्या नियोजनाचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, त्या उठावाच्या आखणीत त्यांचा सहभाग होता.

त्यानंतर काही महिने ते फ्रेंच सैन्यात होते. तेव्हा अमेरिकी लष्कराच्या फिरत्या ग्रंथालयात त्यांना दोन शोधनिबंध वाचायला मिळाले. जीवाणूंमध्येही जनुकीय बदल आपोआप घडतात, हे एकाने दाखवले होते. दुसऱ्याने डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ असल्याचे सूचित केले होते. जीवाणूंनाही जनुके असतात आणि त्यांचा अभ्यास करता येतो, हे स्पष्ट झाले. १९४५ मध्ये मोनो पाश्चर संस्थेत ल्वॉफ यांच्या विभागात रुजू झाले.

लायसेन्कोला विरोध का?

भूमिगत लढ्याच्या काळात मोनो कम्युनिस्ट पक्षात गेले होते आणि युद्धानंतर बाहेर पडले. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात ट्रोफिम लायसेन्को यांचे मत सरकारी शास्त्र म्हणून लादले गेले. सजीवांनी परिस्थितीमुळे कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि जनुकशास्त्र हे भांडवलदारी थोतांड आहे, असे ते मत होते. त्याला विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधीच, १९४३ मध्ये, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांचा तुरुंगात मृत्यू झाला होता.

फ्रान्समधील डाव्या विचारांच्या अनेकांनी तेव्हा मौन पाळले किंवा लायसेन्को यांची बाजू घेतली. मोनो यांनी ‘कोंबा’ या दैनिकात जाहीर लेख लिहून हा प्रकार विज्ञानविरोधी असल्याचे ठणकावले. याच सुमारास लेखक आल्बेर काम्यू यांच्याशी त्यांची मैत्री जुळली.

या वादाचा त्यांच्या प्रयोगशाळेशीही संबंध होता. साखर मिळाली की जीवाणू नवे विकर बनवतो, या घटनेला तेव्हा विकरांचे अनुकूलन म्हणत. परिस्थिती पेशीला घडवते, असा अर्थ त्यातून सहज निघू शकत होता. मोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हा शब्द सोडून विकरांचे प्रेरण हा शब्द स्वीकारला.

एका प्रथिनाची निर्मिती त्यांनी कशी मोजली?

मोनो यांनी लॅक्टोजचे दोन तुकडे करणारे विकर निवडले. त्याचे नाव बीटा-गॅलॅक्टोसिडेज. ते मोजणे सोपे होते. एक रंगहीन रसायन त्यात टाकले की विकराच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितके विकर जास्त.

मोनो यांचे वेगळेपण मोजमापाच्या पद्धतीत होते. जीवाणू सतत वाढत असतात. त्यामुळे फक्त विकर वाढले असे म्हणून भागत नाही. नव्याने बनलेल्या एकूण प्रथिनांपैकी या विकराचा वाटा किती, हे पाहावे लागते. म्हणून त्यांनी वेळेऐवजी जीवाणूंच्या एकूण वाढीपुढे विकराचे प्रमाण मांडले. आलेख सरळ रेषेत आला. त्या रेषेचा चढ म्हणजेच प्रथिननिर्मितीचा दर. प्रेरक पदार्थ दिल्यावर काही मिनिटांतच हा दर वाढतो आणि विकराचे प्रमाण सुमारे हजारपटीपर्यंत जाते, हे दिसले.

पण हे प्रथिन खरोखर नव्याने बनते, की आधीचे एखादे प्रथिन बदलून तयार होते? डेव्हिड हॉगनेस आणि मेल्विन कोह्न यांच्यासोबत मोनो यांनी १९५५ मध्ये याचा निकाल लावला. त्यांनी जीवाणूंना आधी किरणोत्सारी गंधक दिले, म्हणजे जुन्या प्रथिनांवर खूण राहिली. नंतर साधे अन्न आणि प्रेरक पदार्थ दिला. नव्या विकरात किरणोत्सारी गंधक जवळजवळ आढळले नाही. म्हणजे ते अगदी सुरुवातीपासून, नव्या कच्च्या मालातून बनले होते.

स्वतःचाच अंदाज कसा कोसळला?

पेशीत निर्मिती सुरू कशी होते, याबद्दल मोनो यांचा अंदाज असा होता, की साखर पेशीला विकर बनवायला प्रत्यक्ष मदत करते. पाश्चर संस्थेच्या माळ्यावर त्याच मजल्यावर काम करणारे फ्रान्स्वा झाकोब आणि अमेरिकेहून आलेले आर्थर पार्डी यांच्यासह त्यांनी १९५७ पासून एक प्रयोग केला. तिघांच्या आडनावांवरून तो पाजामो या नावाने ओळखला जातो.

काही जीवाणू आपले जनुक दुसऱ्या जीवाणूत सोडतात. विकराचे चांगले जनुक त्यांनी अशा जीवाणूत जाऊ दिले, ज्यात ते आणि त्याचे नियंत्रण करणारे जनुक दोन्ही बिघडलेली होती. साखर नसतानाही काही मिनिटांतच विकर पूर्ण वेगाने बनू लागले. तासाभराने मात्र निर्मिती थांबली.

अर्थ उलटा निघाला. साखर निर्मिती सुरू करत नव्हती. निर्मिती रोखून धरणारा एक पदार्थ पेशीत असतो आणि साखर त्याला दूर सारते. नव्या पेशीत हा रोधक साठेपर्यंत निर्मिती मोकळी होती. तो साठला आणि ती थांबली. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही अशी शक्यता सुचवली होती. मोनो यांनी अनेक वर्षे जपलेला अंदाज सोडला आणि मोजमापाचा कौल मान्य केला. साखर पेशीला काही शिकवत नाही, फक्त कुलूप काढते, हे वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर होते.

संदेशवाहक आरएनए कुठून आला?

या प्रयोगातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. जनुक पेशीत शिरताच प्रथिन इतक्या लवकर सुरू होते आणि तितक्याच झटपट थांबते, तर जनुक आणि प्रथिन यांच्यामध्ये अल्पायुषी निरोप्या असला पाहिजे. एप्रिल १९६० मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी केंब्रिजमध्ये झाकोब, फ्रान्सिस क्रिक आणि सिडनी ब्रेनर यांच्या चर्चेत हा धागा जुळला. रायबोसोम हा प्रथिने जोडणारा कारखाना, तर त्याला हुकूम देणारा आरएनए वेगळा. १९६१ मध्ये त्याचे प्रायोगिक पुरावे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी झाकोब आणि मोनो यांनी जनुकांच्या नियंत्रणाचा सविस्तर आराखडा मांडला. संदेशवाहक आरएनए, रोधक आणि एका कळीने चालू-बंद होणारा जनुकांचा गट, म्हणजे ऑपेरॉन, या कल्पना त्यात होत्या.

१९६५ मध्ये मोनो, झाकोब आणि ल्वॉफ यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्सला विज्ञानातील नोबेल मिळून तेव्हा तीस वर्षे उलटली होती.

याच धामधुमीत, १९६० मध्ये, मोनो यांनी हंगेरीतील शास्त्रज्ञ आग्नेस उलमान आणि त्यांच्या पतीला कम्युनिस्ट राजवटीतून गुप्तपणे बाहेर काढले. युद्धकाळातील गुप्त निरोपांचा आणि आखणीचा अनुभव इथे कामी आला. उलमान पुढे पाश्चर संस्थेत त्यांच्या सहकारी झाल्या.

जीवाणूचे नियम हत्तीला लागू पडतात का?

जीवाणूत जे खरे ते हत्तीतही खरे, अशी मोनो यांची धारणा होती. ती किती बरोबर ठरली, हे मूलपेशींमधील मोजणीतून कळते.

मूलपेशी म्हणजे जिच्यापासून शरीरातील अनेक प्रकारच्या पेशी बनू शकतात अशी पेशी. तिच्यात हजारो जनुके एकाच वेळी कार्यरत असतात. प्रत्येकासाठी रंगाची चाचणी करणे शक्य नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील निकोलस इंगोलिया, जोनाथन वाइसमन आणि सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये नवी पद्धत वापरली. तिचे नाव रायबोसोम प्रोफायलिंग. २०११ मध्ये तीच पद्धत उंदराच्या भ्रूणातील मूलपेशींवर वापरली गेली.

ही पद्धत समजायला मुंबईची लोकल डोळ्यासमोर आणावी. संदेशवाहक आरएनए म्हणजे रूळ आणि त्यावरून धावणारे रायबोसोम म्हणजे गाड्या. एका क्षणी सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवायच्या. मग उघडे रूळ विकराने कापून टाकायचे. गाडीखाली झाकलेला सुमारे ३० अक्षरांचा तुकडा तेवढा वाचतो. असे लाखो तुकडे वाचून ते कोणत्या जनुकाचे आहेत, हे संगणकावर जुळवायचे. ज्या मार्गावर गाड्या जास्त, त्या प्रथिनाची निर्मिती जास्त.

पण गाड्या मोजून निर्मितीचा दर काढायचा, तर सगळ्या गाड्यांचा वेग सारखा हवा. एखाद्या मार्गावर गाड्या रखडल्या असतील, तर गर्दी दिसेल पण प्रवास होणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी पहिल्या स्थानकावरून नव्या गाड्या सुटणे औषधाने बंद केले आणि आधीच निघालेल्या गाड्या किती वेळात किती पुढे जातात, हे पाहिले. मूलपेशीत रायबोसोम सरासरी दर सेकंदाला ५.६ अमिनो आम्ले जोडतो आणि वेगवेगळ्या प्रकारच्या जनुकांत हा वेग जवळपास सारखाच असतो, असे आढळले. त्यामुळे मोजणीवर भरवसा ठेवता आला.

याच प्रयोगात अनपेक्षित गोष्टीही दिसल्या. अनेक संदेशांवर प्रथिननिर्मिती नकाशात नसलेल्या ठिकाणांहूनही सुरू होत होती. काही ठिकाणे मुख्य प्रथिनाच्या आधी येत होती. मूलपेशी वेगळ्या प्रकारच्या पेशींकडे वळू लागली, की या आधीच्या ठिकाणांवरील वर्दळही बदलत होती. म्हणजे सस्तन प्राण्यांत नियंत्रण फक्त जनुकाच्या कळीवर थांबत नाही. संदेश तयार झाल्यानंतरही त्याचे किती प्रथिन बनवायचे, हे ठरवले जाते. २०१४ मध्ये उंदरांवरील अभ्यासात रक्ताच्या मूलपेशी इतर बहुतेक रक्तपेशींपेक्षा तासाला कमी प्रथिन बनवतात, असेही दिसले. हा दर वाढला किंवा घटला, तरी त्यांचे काम बिघडते.

थोडक्यात, मोनो यांचे तत्त्व हत्तीलाही लागू पडले. पण जीवाणूत न दिसलेले नियंत्रणाचे थर सस्तन प्राण्यांत सापडले.

अखेरची वर्षे कशी होती?

मे १९६८ मध्ये पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनात मोनो विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९७० मध्ये त्यांचे योगायोग आणि अपरिहार्यता या विषयावरील पुस्तक आले. सजीवांची उत्क्रांती कोणत्याही पूर्वनियोजित हेतूविना घडते, हा त्यातील विचार धर्मनिष्ठांना आणि मार्क्सवाद्यांनाही रुचला नाही, पण पुस्तक प्रचंड खपले. १९७१ मध्ये ते पाश्चर संस्थेचे संचालक झाले. संस्था आर्थिक संकटात होती. तिची घडी बसवण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली आणि प्रयोगशाळा मागे पडली. १९७२ मध्ये पत्नीचे निधन झाले. रक्ताच्या आजाराने ३१ मे १९७६ रोजी कान येथे मोनो यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

या कामाचा आपल्याशी काय संबंध?

मोनो यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात आले. त्यासाठी इन्सुलिनचे जनुक ज्या विकराच्या जनुकाला जोडले, ते बीटा-गॅलॅक्टोसिडेज होते आणि ज्या कळीने ते चालू केले, ती मोनो यांनी अभ्यासलेलीच कळ होती. १९८२ पासून असे इन्सुलिन बाजारात आले. करोना काळातील एमआरएनए लशी, आणि २०२२ मध्ये मंजुरी मिळालेली पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची लस, या सगळ्यांचा पाया संदेशवाहक आरएनएची तीच कल्पना आहे.

मूलपेशींपासून उपचार करायचे असतील, तर पेशीत कोणती जनुके आहेत हे कळून पुरत नाही. त्या पेशीत कोणते प्रथिन किती वेगाने बनते आहे, हे मोजावे लागते. जीवाणूंच्या आलेखातील सपाट भागाकडे दुर्लक्ष न करता मोनो यांनी जो प्रश्न विचारला, तो हाच होता.